कलाल गल्लीतली जबानी

कारकून हरिहरपंत वखारीच्या अंगणात आले, तेव्हा जमुनाच्या बाळाचा नुकताच डोळा लागला होता. सात महिन्यांचं लेकरू. खालच्या हिरडीत दोन दात फुटू पाहत होते, म्हणून सकाळपासून किरकिर चाललेली. आता कुठे ते तिच्या खांद्यावर मान टाकून निजलं होतं. वखारीत कापसाचे तंतू उडत होते. एखादा त्याच्या ओल्या ओठाला चिकटला, की जमुना बोटाच्या टोकानं तो अलगद काढायची.

"इथंच?" हरिहरपंतांनी विचारलं.

"इथंच, पंत. तुमी उभे हा, तिथं आमची भट्टी होती. अन् तो कापसाचा ढीग हाय न, तिथं बसाची जागा."

पंतांनी पायाखाली पाहिलं. सारवलेली जमीन, तिच्यावर सरकी सांडलेली. दुकानाची एक वीटसुद्धा उरली नव्हती.

परकोटाच्या आतल्या या गल्लीत तीन वर्षांमागं कलालांची पाच दारूची दुकानं होती. मग विलायतेत कापसाची ओरड झाली, अमरावतीत वीतभर जागेसाठी माणसं भांडू लागली, आणि व्यापाऱ्यांनी एकेक दुकान पाडून वखारी उठवल्या. जमुनाच्या दिवंगत सासऱ्याचं दुकान सगळ्यांत शेवटी गेलं, यंदाच्या पोळ्यानंतर. त्याच आठवड्यात तिचा नवरा भगवंत पटकीनं गेला. बाळ तेव्हा सव्वा महिन्याचं होतं.

आता सरकारी हुकूम आला होता. वऱ्हाडात इंग्रजी अंमल बसायच्या आधीपासून, म्हणजे बारा वर्षांहून आधी, ज्यांची दुकानं होती, त्यांना खोलापुरी वेशीबाहेर जागा मिळणार होती. बाकीच्यांना नाही. नबाबी अमलातले कागद कुणाजवळ नव्हते. म्हणून साक्षीदार हवा होता: ते दुकान त्या काळी आपल्या डोळ्यांनी पाहिलेला, घराबाहेरचा भरवशाचा माणूस. चौकशी आज दुपारी संपणार होती.

अंगणाबाहेर जमुनाच्या दिराची बैलांची दमणी उभी होती. तो अकोल्याहून आला होता. त्याला मूलबाळ नव्हतं. काल त्यानं सरळ सांगितलं होतं, "जागेचा कागद भेटला तं तुहं तू पाहा. नाही भेटला तं पोट्टं आमच्या घरी वाढंल. तू तरणी हायेस, दुसरं घर कर." माणूस वाईट नव्हता. बाळासाठी लाकडी खुळखुळा घेऊन आला होता. जमुनाला त्या खुळखुळ्याचीच जास्त भीती वाटली होती.

"बोलवा साक्षीदार," पंत म्हणाले.

जमुनानं सासूकडून ऐकलेली जुन्या गिऱ्हाइकांची नावं दिली होती. पहिले नत्थुजी आले. डोईला पागोटं, हातात काठी.

"तुम्ही या गल्लीत येत होता?"

"राम राम! मी काहून येऊ? एकदा दोनदा आलो असंन, खुशालरावले आणाले. घरचे लोक वाट पाहून राहिले होते त्याची."

"मग दुकान पाहिलंत?"

"नाही बाप्पा. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आवाज देत होतो."

खुशालराव भिंतीला टेकून उभे होते, ते ताडकन पुढे झाले. "मले आणाले? अरे, मीच तुले आणाले येत होतो, नत्थू! खांद्यावर टाकून नेलं तुले!"

"कुठून नेलंत?" पंतांनी कलम उचललं.

खुशालराव आता या वखारीचे भागीदार होते, पोरीचं लग्न ठरत होतं. "रस्त्यावरून," ते म्हणाले. "दुकान-बिकान मले ठावं नाही."

तिसरे वामनराव. तेही कुणालातरी आणायलाच आले होते. तेही गल्लीच्या तोंडाशीच थांबले होते.

पंतांनी कलम खाली ठेवलं. "म्हणजे सगळं गाव इथं एकमेकांना आणायला येत होतं. पिणारा कोणीच नव्हता."

कापूस निवडणाऱ्या बायांत खसखस पिकली. जमुनाला हसू आलं नाही. "खुशालराव," ती म्हणाली, "माह्या सासूनं तुमचं नाव कित्तीदा घेतलं. तुमी तं तिले मावशी म्हनत होते."

"मावश्या लय असतात, बाई." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

बाळ जागं झालं, रडायला लागलं. जमुनाचा पदर ओला झाला. पाजायची वेळ टळून गेली होती. दीर बाहेरून आत आला आणि त्यानं नुसते हात पुढे केले. "दे. मी धरतो."

"राहू द्या, भाऊजी."

"अवं, धरतोच फक्त."

तिनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

तिची नजर ढिगाकडे गेली. तिथं दुर्गाबाई पाठ करून बसली होती. मूळची वलगावची, आता याच वखारीत कापसातली काडी-पाती निवडायची. काल जमुना तिच्याकडे गेली होती. सासू मरताना म्हणाली होती, वलगावची एक बाई कडेवर लेकरू घेऊन दुकानात यायची, तिला सगळं ठावं आहे. दुर्गाबाईनं काल तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ते बाई काहून येत होती, ते नाही सांगतलं तुह्या सासूनं?" आज दुर्गाबाईनं एकदाही मान वळवली नव्हती.

पंतांनी कागद पुढे ओढला. "मग मी लिहितो. सदर जागी इंग्रजी अमलाआधी दारूचं दुकान असल्याचं कोणीही सांगत नाही. सबब, असं दुकान नव्हतं."

"नव्हतं?"

आवाज ढिगाकडून आला होता. दुर्गाबाई उठून उभी राहिली होती. केसांत, भुवयांत कापूस.

"दुकान नव्हतं, तं माहा मानूस मेला कुठी?"



ती तशीच पंतांसमोर आली. "माह्या मानसाचं नाव चंद्रभान. वलगावचा. लिवा. दोन पायऱ्या उतरून खाली जा लागे. उजव्या हाताले माठ. समोर बाज, तिच्यावर हे बसत होते," तिनं खुशालरावांकडे बोट केलं, "अन् त्यायच्या पायाशी नत्थुजी. वामनराव कोपऱ्यात, तोंडावर दुपट्टा घेऊन. कोनाले दिसू नये म्हनून. अन् सगळ्यायले दिसे."

"आपण आत गेला होता, बाई?"

"गेली नाही तं काय! मी नाही गल्लीच्या तोंडाशी थांबली. कडेवर पोर, पोटात दुसरं. हाताले धरून उठवू त्याले. कदी येई, कदी मले ढकलून दे. त्या दिवशी हस्ताचं पानी कोसळून राहिलं होतं. मी म्हनलं, घरी चाला. तो म्हने, एक घेतो अन् येतो. मी पोरीले घेऊन पुढं निंगाली. तो वेशीखालच्या नाल्यात सापडला, दुसऱ्या दिवशी."

"हे कधीचं?" पंतांनी विचारलं. "साल सांगता येईल?"

"नबाबानं वऱ्हाड इंग्रजाले देलं, त्याच्या आदल्या साली. पोटातला पोरगा तेरावं चालून राहिला. त्यानं बाप पाहिला नाही." ती खुशालरावांकडे वळली. "नाल्यातून काढलं तवा पाय कोनी धरले होते, खुशालराव?"

खुशालरावांनी डोईवरचं पागोटं सारखं केलं. मग काढून हातातच धरलं.

"बोला न जी. का पाय धरालेबी दुसराच कोनी आला होता?"

"मी धरले," ते म्हणाले. मग पंतांकडे न पाहता, "दुकान होतं, पंत. मी बसलो हाये तिथं. त्या दिवशीबी होतो. लिवा."

पंत लिहीत राहिले. बाळ रडून रडून थकलं होतं, उचक्या देत होतं. जमुनानं त्याची पाठ थोपटली. कागद होणार होता. पण तो ज्याच्या जिवावर होत होता, त्या माणसाला तिच्याच घरानं त्या दिवशी शेवटचं भरून दिलं होतं.

"निशाणी करायची, बाई," पंत म्हणाले. "बायकांच्या नावापुढं बांगडीचं चित्र असतं. मी काढतो, आपण कलमाला हात लावा."

दुर्गाबाईनं आपल्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं. "काढा. कागदावर तरी भरू द्या." कलमाला बोट लावून ती म्हणाली, "त्याचं नाव लिवलं का? वाचून दाखवा."

"चंद्रभान, राहणार वलगाव, हा सदर दुकानी बसत असे..."

"पुन्हा वाचा."

पंतांनी पुन्हा वाचलं.

कागद झाला, तसा दीर पुढे आला. मग म्हणाला, "चाल, येतो मी," आणि बाळाच्या टाळूवर हात ठेवून निघून गेला. दमणीचे बैल वळल्याचा आवाज आला तेव्हा कुठे जमुना खाली बसली. ती दुर्गाबाईच्या पायांकडे झुकली तशी दुर्गाबाई मागं सरली.

"पाया नोको पडू. तुह्यासाठी नाही बोलली मी. तुहं दुकान राहावं असं मले अजूनबी वाटत नाही." मग आवाज उतरला. "पाज त्याले आधी. घसा सुकला त्याचा."

ती जमुनाच्या आणि माणसांच्या मध्ये येऊन उभी राहिली, लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरून. त्या आडोशाला बाळ अंगावर पिऊ लागलं. नवे दात पहिल्यांदाच टोचले.

"एक आयक," दुर्गाबाई पाठमोरीच म्हणाली. "वेशीबाहेर दुकान मांडशीन, तवा दारात कोनाची बायको येऊन उभी राह्यली, तं त्या मानसाले पुढचं भरून देशीन नोको. तो कित्तीबी ओरडला तरी."

जमुनाला खुशालरावांसारखे मोठे लोक दिसले, हट्ट करणारे, हात उगारणारे. आणि दुकानात एकटी ती, मांडीवर हे लेकरू.

"नाही देनार," ती म्हणाली. आपल्याच्यानं ते होईल की नाही, हे तिला ठावं नव्हतं.