न रंगवलेलं पान

आमच्या गहू संशोधन केंद्रात मला भिंगबाई म्हणतात आणि माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला गहूदादा. तो रोपं वाढवतो, मी त्यांची आजारी पानं सूक्ष्मदर्शकाखाली घालते. दोघं एकाच आवारात, म्हणून लोकांना वाटतं आमचं फार गूळपीठ असणार. तसं काही नाही. दादा माझ्या खोलीत येऊन कधी बसत नाही, दारात उभा राहून चुळबुळ करतो. ती सुरू झाली की माझं डोकं फिरतं आणि हात घाई करतात.

दादाने अकरा वर्षं एका गव्हामागे घालवली. तांबेरा नावाची बुरशी गव्हाच्या पानावर पडते, तिचा तंतू पेशीची भिंत भेदून आत शिरतो आणि पेशीला जिवंत ठेवून तिचं अन्न ओढत बसतो. पेशी मेली तर बुरशीचीच उपासमार, म्हणून ती घरजावयासारखी जपून खाते. दादाच्या गव्हाला यावर एकच उपाय येत होता. तंतूची चाहूल लागली की ती पेशी आपणहून मरायची. एक पेशी गेली, बुरशी उपाशी राहिली, पान वाचलं. मागे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उरायचा. तो दिसला की दादा मला हाक मारायचा, जणू घरात नातवंड झालंय.

यंदा पहिल्यांदाच त्या गव्हाचं अख्खं शेत पेरलं होतं. कापणी झाली की पंधरा दिवसांत दादा निवृत्त होणार. "एकदा ते पिकून उभं बघितलं की मी मोकळा," असं तो वहिनीला रोज ऐकवायचा. वहिनी म्हणायची, "आपल्या लग्नातसुद्धा तुम्ही एवढे उतावीळ नव्हतात."

एका सोमवारी सकाळी तो शेताच्या कोपऱ्यातली चार पानं घेऊन आला. ठिपके होते, नेहमीपेक्षा जरा जास्त.

"फवारू का? नाहीतर तेवढा कोपरा उपटून टाकतो," तो दारातूनच म्हणाला.

आमच्याकडे पान दोनदा बघायची पद्धत आहे. मेलेल्या पेशी निळ्या प्रकाशात पिवळ्या चमकतात, ते लगेच दिसतं. बुरशीचे तंतू मात्र पान एक दिवस रंगात भिजवल्याशिवाय दिसत नाहीत. अकरा वर्षं मी प्रत्येक पान दोनदा बघितलं होतं. त्या दिवशी पेशी लखलखीत पिवळ्या दिसल्या, दादाचे बूट दारात करकरत होते, आणि मला वाटलं, हे काय नवीन आहे? मी पान रंगवलं नाही.

"काही करू नकोस. लढतायत तुझी लेकरं," मी म्हणाले.

तो इतका खूश झाला की जाताना दार लावायला विसरला.

चार दिवसांत ठिपके एकमेकांना भिडले. पुढच्या सोमवारी कोपरा करपला, त्या आठवड्याच्या शेवटी शेत. तेव्हा कुठे मी पान रंगवलं. मेलेल्या पेशींमधून निळे तंतू आडवेतिडवे पसरले होते, जाडजूड, ताजेतवाने. हा तांबेरा नव्हताच. ही करप्याची बुरशी, तिला मेलेलंच लागतं. मी तिचा नुसता अर्क काढून दोन्ही गव्हांच्या पानांवर टाकला. शेजारच्या शेतातल्या साध्या गव्हाला, ज्याला दरवर्षी तांबेरा खातो, त्याला काही झालं नाही. दादाच्या गव्हाची पेशी लगेच मेली. तिला तीच चाहूल लागली आणि तिने प्रामाणिकपणे तेच केलं. ताट तिनेच वाढून ठेवलं होतं.

मी दादाला बोलावलं. पहिल्यांदाच तो आत येऊन स्टुलावर बसला. मी सगळं सांगितलं, तो भिंगातून बघत राहिला.

"शीतकपाटात बी आहे अजून," तो म्हणाला. "डबाभर आहे."

"आहे. पण त्यातही हेच आहे, दादा."

"मग तेवढा गुण काढून टाकू."

"तो काढला की तांबेरा खाईल. उरलेला गहू शेजारच्यासारखाच."

तो उठला, कोपऱ्यातल्या शीतकपाटातून डबा काढला, त्यावरच्या चिठ्ठीवरची स्वतःची अक्षरं वाचली आणि डबा परत जागेवर ठेवला. दुसरीकडे ठेवणार तरी कुठे?

मला गप्प बसता आलं असतं. त्याला ती चार पानं आठवतही नव्हती. "त्या सोमवारी मी पान रंगवलं नाही," मी म्हणाले. "तुझी घाई बघून टाळलं. रंगवलं असतं तर दुसऱ्या दिवशी तंतू दिसले असते. तू कोपरा उपटला असतास, फवारलं असतंस, आणि शेत निभावलं असतं."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी नाही. एकदा ही बुरशी आवारात आली की हा गहू टिकणार नाही. आज ना उद्या हेच होणार होतं."

हे मी त्याला धीर द्यायला म्हटलं की स्वतःला, मला अजून ठरवता येत नाही. तो खिडकीपाशी गेला. तिथून शेत दिसतं, राखेच्या रंगाचं.

"चिडत नाहीये मी," तो म्हणाला. "पुढचं कोणी बघितलंय? मला यंदाचंच बघायचं होतं गं."

मग तो गेला. जाताना या वेळी दार नीट लावून गेला.