हॉल रिकामा करा

त्या आवाजाला पोरांनी आत्याबाई असं नाव ठेवलं होतं. मशीन सुरू करायची वेळ झाली की आधी भोंगा वाजायचा, आणि मग हॉलच्या सगळ्या कोपऱ्यांतून एक बाई परक्या भाषेत बोलायची. शांतपणे, पण दरडावून. ‘हॉल रिकामा करा. आत कोणी असेल तर बाहेर या. दार बंद होत आहे.’ भाषा कळो न कळो, सगळे काढता पाय घ्यायचे. “चला रे, आत्याबाई ओरडल्या!” म्हणत तंत्रज्ञ हातातली पक्कड जागच्या जागी टाकून दाराकडे सुटायचे.

ताईला या थट्टेचं कधी हसू आलं नाही. ताई म्हणजे या मशीनची प्रमुख. संचालकांपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. आवाज कोणाचा आहे, हे त्या सबंध इमारतीत तिला एकटीला ठाऊक होतं.

तरुणपणी ती त्या मोठ्या देशात शिकायला गेली होती. अणूच्या पोटात शिरून बघणारं जगातलं सगळ्यात ताकदवान मशीन तेव्हा तिथे होतं, आणि ते चालवणाऱ्या बाईच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, ताई भाड्याने राहायची. बाई एकटी होती, पदरात एक लहान मुलगी. मुलगी सारखी चिवचिवायची म्हणून ताई तिला चिमणी म्हणायची, आणि चिमणी तिला ‘ताई’ म्हणायला शिकली होती. सकाळी बाई लेकीची वेणी घालताना गुणगुणायची, आणि नंतर हॉलमध्ये तिच्याच आवाजाने मोठमोठे प्राध्यापक शाळकरी पोरांसारखे बाहेर पळायचे. ताईला तेव्हा याची फार गंमत वाटायची.

पुढे त्या देशाने हात आखडता घेतला. एकेक प्रयोग बंद पडत गेला आणि शेवटी प्रयोगशाळेलाच टाळं लागलं. तोवर ताईच्या देशाच्या अंगात बळ आलं होतं. कारखाने, बंदरं, विद्यापीठं, जिकडे बघावं तिकडे नवी उभारणी चाललेली. जुनं मशीन सुटं करून खोक्यांतून इकडे आणलं गेलं. त्यात इथे घडवलेली नवी चुंबकं बसली आणि त्याची ताकद कितीतरी वाढली. फक्त धोक्याची सूचना देणारी जुनी पेटी कोणी उघडली नाही. ती तपासून सीलबंद केलेली होती. उघडली असती तर सगळ्या परवानग्या पुन्हा घेता घेता नाकी नऊ आले असते. त्या पेटीतून पहिल्यांदा आवाज आला तेव्हा ताईने तो क्षणात ओळखला, बाईचाच. बाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

घरी ताईचे वडील होते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेले. रोज संध्याकाळी ताई चपला काढते न काढते तोच ते पेपरच्या आडून विचारायचे, “काय, गाठलं का त्यांना?” जसा काही सामना चालू होता आणि ताई त्यांना धावफलक सांगायला आली होती. बापलेकीचा तो जुनाच खेळ होता. “अजून नाही, बाबा,” ती म्हणायची आणि दोघं जेवायला बसायची.

ज्या दिवशी मशीनने त्या देशाचा जुना विक्रम मोडला, त्या दिवशी ती म्हणाली, “गाठलं, बाबा. मागेही टाकलं.”

वडिलांनी पेपर खाली ठेवला. डोळे भरून आले होते त्यांचे. मग भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, “मग आता?”

त्या दोन शब्दांनी तिला रात्रभर डोळा लागू दिला नाही.

त्यानंतर जगभरातून अर्ज यायला लागले. पूर्वी इथली पोरं तिकडे जायला धडपडायची, आता तिकडचे लोक इथे मशीनवर वेळ मिळावा म्हणून विनवण्या करत होते. संचालकांची छाती फुगली होती. मोठ्या देशाचा पहिला गट येणार म्हटल्यावर त्यांनी वार्ताहर बोलावले, स्वागताची फुलं मागवली. गटाची प्रमुख गाडीतून उतरली. चाळिशीची, केस बारीक कापलेली, थकलेली. फुलं घेता घेता तिने ताईकडे रोखून पाहिलं आणि मोडक्यातोडक्या उच्चारात म्हणाली, “ताई?”

ती चिमणी होती.

ताईने तिला कवटाळलं. बोलायला कितीतरी होतं, पण संचालक मध्येच आले आणि तिला मशीन दाखवायला घेऊन गेले. “तुमच्याकडचंच आहे,” ते हसून म्हणाले, “पण आता ओळखू येणार नाही.”

चिमणी म्हणाली, “ओळखलं मी.” एका जुन्या लोखंडी खांबाचा रंग हातांनी घासून गेला होता. तिथे तिने तळवा ठेवला. “आई इथे टेकून उभी राहायची.”

ताई एक पाऊल पुढे सरकली. आवाजाचं सांगायला हवं होतं, आत्ताच. पण संचालक, वार्ताहर, फोटो… एवढ्या लोकांत कसं सांगावं? उद्या निवांत सांगू, असं म्हणून ती गप्प बसली.

तो उद्या आलाच नाही. दुपारी पाहुण्यांना दाखवायला म्हणून संचालकांनी अचानक मशीन चालवायचं ठरवलं. ताई धावत नियंत्रण कक्षात आली तेव्हा भोंगा वाजून गेला होता आणि आत्याबाई बोलायला लागल्या होत्या. पडद्यावर हॉल दिसत होता. तंत्रज्ञ बाहेर पडत होते, पाहुणे बाहेर पडत होते. एकटी चिमणी मध्येच थबकली होती, मान वर करून.

‘हॉल रिकामा करा. आत कोणी असेल तर बाहेर या.’

ती हलली नाही.

“अहो, त्या बाईंना ऐकू येत नाही का?” नियंत्रण कक्षातला मुलगा घाबरून म्हणाला.

“ऐकू येतंय,” ताई म्हणाली. लाल बटण दाबून तिने सगळं थांबवलं आणि आत धावली. आवाज मात्र थांबला नव्हता. एकदा सुरू झाली की ती सूचना ठरलेल्या वेळा पुन्हा पुन्हा वाजायचीच. एवढ्या मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये एक मेलेली बाई आपल्या लेकीला बाहेर हो म्हणून सांगत होती, आणि लेक आज्ञा मोडून ऐकत उभी होती. ताई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. शेवटची सूचना संपेपर्यंत दोघींनी ऐकलं.

“तुला सांगायला हवं होतं गं,” ताई म्हणाली.

“आमच्याकडे तिचा आवाजच नाही,” चिमणी म्हणाली. “एकदाही भरून ठेवला नाही कोणी. प्रयोगशाळा बंद झाल्यावर तिथे गाद्या-पलंगांचं गोदाम झालं. आई तरी रोज जायची. पलंगांच्या रांगांतून फिरायची. गिऱ्हाईक समजून विक्रेते मागे लागायचे. ‘इथे हॉल होता,’ एवढंच सांगायची त्यांना.” ती थोडं हसली. “मी लहान असताना आमच्या जेवणाच्या टेबलावर तुमच्याकडची पोरं गर्दी करून बसायची. असंच चालणार, असं वाटायचं आम्हाला. दुसरं काही असू शकतं, हे मनातही यायचं नाही. तुम्हाला वाटतं का गं तसं?”

ताईच्या डोळ्यांसमोर संचालक आले, फुलं आली, भिंतीकडे बघत बसलेले वडील आले. “बाकीच्यांना वाटतं,” ती म्हणाली.

झाल्या प्रकाराने संचालक तापले. पाहुणी आत अडकली असती तर केवढी नाचक्की! शिवाय आपल्या मशीनमध्ये परक्या भाषेतली सूचना हवीच कशाला? पेटी बदलायचा हुकूम सुटला. नवीन आवाज कोणाचा, यावर फार चर्चा झाली नाही. ताईचाच, सगळे म्हणाले.

जुना आवाज पुसण्याआधी ताईने त्याची एक प्रत काढली आणि निघायच्या दिवशी चिमणीच्या हातात दिली. चिमणीने ती मुठीत घट्ट धरली, आणि मग परत दिली.

“नको?”

“घरी लावून काय करू? घरात ती कधी अशी बोलली नाही. घरात ती गुणगुणायची.” तिने ताईची मूठ त्या प्रतीवर मिटवली. “हे बोलणं या मशीनचं होतं. जमलं तर राहू द्यायचं होतं.”

“मी अडवलं असतं तर…”

“कोणीच अडवू शकलं नसतं, ताई. प्रयोगशाळा वाचवायला आमच्याकडेही प्रयत्न झाले होते.”

चिमणीचा प्रयोग मात्र उत्तम साधला. त्यातून जे हाती आलं त्याची जगभर वाहवा झाली, आणि शोधनिबंधावर दोन्ही देशांची नावं शेजारी शेजारी छापून आली. वडिलांनी ते पान कापून भिंतीवर लावलं. संध्याकाळचा प्रश्न विचारणं मात्र त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिलं. आता ताई घरी आली की ते नुसतं “आलीस?” म्हणतात.

नव्या पेटीतून पहिल्यांदा सूचना वाजली तेव्हा गंमतच झाली. हॉलमधलं कोणी जागचं हललं नाही. सगळे कान टवकारून आत्याबाईंची वाट बघत उभे. मग एकाच्या डोक्यात प्रकाश पडला, “अरे, ह्या आपल्या ताई!” आणि हसत-खिदळत सगळे बाहेर आले. आता त्यांना सवय झाली आहे. नवीन आवाजाला त्यांनी काय नाव ठेवलंय, ते ताईला कोणी सांगत नाही आणि तीही विचारत नाही.

ती प्रत तिच्या टेबलाच्या खणात आहे. अजून लावून ऐकायचा धीर झालेला नाही. मशीन सुरू व्हायची वेळ झाली की ताई भोंग्याच्या आधीच नियंत्रण कक्षातून उठते आणि जिना उतरून आवारात जाऊन उभी राहते. कोणी हटकलं तर म्हणते, जरा मोकळी हवा घेते. भिंती जाड आहेत, तिथवर काही ऐकू येत नाही. तरी त्या जुन्या, परक्या भाषेतल्या शब्दांवर तिचे ओठ हलत असतात.