हिला काय सोसत नाही

कुणी विश्वास ठेवणार नाही, पण माझ्या बायकोचा आजार माझ्या बायकोच्या आधी लातूरला पोचला. ती ॲम्ब्युलन्समध्ये, मी एसटीत आणि तिची माहिती वाऱ्यावर. पहिला नंबर माहितीचा, दुसरा गुरम्माचा, तिसरा माझा.

मी मलप्पा. माझ्या थापा मुखेड तालुक्याला ठाऊक आहेत. मुदखेडला नुसत्या तोंडाच्या शिट्टीनं मालगाडी थांबवली, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच त्या गार्डचा चेहरा आठवतो. पण माझी थाप लई दुबळी. मुखेडच्या बाजारात सुटली तर हदगावला पोचेस्तोवर मरायची. कॉम्प्युटरात शिरलेलं मात्र मरत नाही. जिथं जाईल तिथं ताजंच.

परवा आमच्या उपकेंद्राच्या ओट्यावर चौकशी बसली. नांदेडहून साहेब आले होते. एका बाकावर दामिनी, उपकेंद्राची कंत्राटी नर्स. गुरम्माचं आरोग्य कार्ड काढताना तिनं माहिती चुकीची भरली, अशी तक्रार होती, आणि तक्रार माझीच होती. साहेबांनी ती खरी धरली की पोरीची नोकरी गेली. समोरच्या बाकावर गुरम्मा, गळ्याला रुमाल बांधून. लातूरला अकरा दिवस तिच्या घशात नळी होती. तेव्हापासून आवाज गेला. दोन महिन्यांत एक अक्षर बोलली नव्हती. म्हणून तिच्या वाटणीचंही मीच बोलणार होतो. तसं लग्न झाल्यापासून मी तेच करत आलोय.

साहेब म्हणाले, सुरुवातीपासून सांगा. मग मी काय, सुरुवातीच्याही मागं गेलो.

तीस वर्षांखाली गुरम्माला उदगीरच्या एका डॉक्टरनं पेनिसिलिनची सुई टोचली, तर तिचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं. डोळे दिसेनात, श्वास घेता येईना. कशीबशी वाचली. डॉक्टरनं लाल शाईनं चिठ्ठी लिहून दिली, ही सुई पुन्हा कधी द्यायची नाही. ती चिठ्ठी गुरम्मानं कमरेच्या पिशवीत जपली. मी सांगितलं की त्या सुजेपायी मला आठ दिवस बायको ओळखू आली नाही, मी तिला पाव्हणी समजून चहा देत होतो. ओट्यावर जमलेली मंडळी हसली. साहेब हसले नाहीत.

मग गेल्या साली गावात कार्डाचं शिबिर झालं. दामिनी टॅब घेऊन बसली होती. दुपारचं ऊन, रांग पार पाण्याच्या टाकीपर्यंत. नाव, वय, साखर, बीपी, आणि शेवटी, कोणतं औषध सोसत नाही का.

"मी तीनदा सांगितलं, साहेब," मी म्हणालो. "पेनिसिलिन, पेनिसिलिन, पेनिसिलिन. या पोरीचं ध्यान कुठं होतं कुणास ठाऊक. तिनं 'नाही' दाबलं."

दामिनीनं मान वर केली. "अप्पा, नीट आठवून सांगा हो," एवढंच म्हणाली.

मी आठवलं नाही. पुढं सांगत गेलो.

श्रावणाच्या तोंडाला गुरम्माच्या पायात गेल्या सालच्या तुरीचा खुंट घुसला. जखम चिघळली, ताप डोक्यात गेला, शुद्ध हरपली. नांदेडला नेलं, तिथं खाट नव्हती. लातूरला पाठवलं. ॲम्ब्युलन्सवाला नरसिंग म्हणाला, दोन माणसं आधीच आत आहेत, तुम्ही एसटीनं या. गाडी अशी उडाली की चाकूरपर्यंत चाकं रस्त्याला टेकलीच नाहीत. इथं कुणी हसलं नाही. लातूरच्या डॉक्टरनं कॉम्प्युटरात तिचं कार्ड उघडलं. गुरम्माचं वय, वजन, नांदेडच्या तपासण्या, सगळं तिच्या आधी येऊन बसलेलं. आणि खाली लिहिलेलं, न सोसणारं औषध, नाही. पेशंट बेशुद्ध, नातेवाईक एसटीत. त्यांनी सुई टोचली.

मी पोचलो तेव्हा ती काचेपलीकडं होती. तोंड भोपळ्याएवढं. या खेपेला थाप नव्हती. लातूरला राहणारा पोरगा, त्यालाही निरोप उशिराच मिळालेला, शेजारी उभा राहून एकच विचारत होता, "बाबा, हे 'नाही' कुणी सांगितलं?" मी म्हणालो, नर्सनं भरलं. तेव्हापासून तेच सांगतोय.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. कागद फिरवून माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, बाईंचा पण अंगठा लागेल, त्यांचंही म्हणणं हेच ना? मी म्हणालो, हेच. तिला बोलता येत नाही, पण हेच.

मी शाईचा डबा गुरम्माकडं सरकवला. तिनं अंगठा पुढं केला नाही. कमरेची पिशवी सोडली, घडीवर फाटलेली चिठ्ठी काढली आणि साहेबांच्या कागदावर ठेवली. मग गळ्याचा रुमाल सोडला. आवाज आला तो फुटक्या घागरीतून यावा तसा, पण ओटाभर ऐकू गेला.

"पोरीनं मला इचारलं हुतं. मी हीच चिठ्ठी काढायले हुते. तुमी मधीच बोलला, हिला निस्ता मीच सोसत न्हाई, बाकी समदं सोसतंय. रांग हसली. पोरगी पुन्हा इचारू लागली, तर तुमी म्हणला, लिही 'नाही', ऊन लागायलंय."

तिनं श्वास घेतला.

"खोटं बोलायलाव तुमी."