राणीसरकारांची दाढ

प्राणिसंग्रहालयातल्या म्हाताऱ्या गोरिला मादीला सगळे राणीसरकार म्हणत, कारण तिची मर्जी सांभाळता सांभाळता भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत. पण तिनं पाल्याकडे पाठ फिरवली तेव्हा कुणाला विनोद सुचेना. तिच्या जिभेला उजवीकडे जखम होती आणि वजन भराभर उतरत होतं. एकदाच भूल द्यायची आणि तेवढ्यातच दुखणं शोधायचं. दुसरी भूल त्या म्हाताऱ्या काळजाला झेपली नसती.

म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या थोरल्या भावाला बोलावलं. दादा माणसांच्या दातांचा डॉक्टर. हात सोन्यासारखा, जीभ मात्र फटकळ. "तू श्वास सांभाळ, तोंड माझ्याकडे," त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं. घरात लहानपणापासून हीच वाटणी होती: दादानं ठरवायचं, छोटीनं मान डोलवायची.

भूल चढताच छोटी श्वास आणि ठोके दाखवणाऱ्या पडद्यावरच्या आकड्यांना डोळे लावून बसली. दादाचं मशीन घरघरू लागलं. काय घासतोय हा? विचारावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण दादाला आपण काय शिकवणार, म्हणून तिनं शब्द गिळला. घरघर थांबल्यावर तिनं आत डोकावून पाहिलं. उजवीकडची मोठी दाढ बशीसारखी गुळगुळीत झाली होती.

"दादा, हे काय केलंस?"

"बघ ना, कडा कशा सुरीसारख्या झाल्यात! त्यांनीच जीभ कापलीय. आता बाकीच्या घासतो."

मशीन पुन्हा घरघरलं.

"थांब!"

आयुष्यात पहिल्यांदाच ती दादावर ओरडली. त्याचा हात हवेतच राहिला.

"अरे, ही माणूस नाही! आपल्या दातांचं एनॅमल जाड, कठीण दाणा फोडायला. हिचं पातळ. ते झिजतं, आतला मऊ भाग खोल जातो आणि कडेला धार उरते. त्याच धारेनं ही दिवसभर पाला कातरते. ती घासलीस तर समोर ढीग असूनही उपाशी मरेल!"

"मग जखम कशानं झाली? सांग की!" दादाचे कान लाल झाले होते.

पडद्यावरचा आकडा घसरू लागला होता. आपलंच चुकत असेल तर?

"माहीत नाही. पण धार वर्षानुवर्षांची आहे आणि जखम आत्ताची. दुसरं काहीतरी आहे. शोध!"

दादानं मशीन खाली ठेवलं आणि बोटानं एकेक दाढ चाचपत मागे गेला. अगदी शेवटच्या दाढेपाशी तो थबकला. दाढ उभी चिरली होती आणि तिची एक कपची जिभेकडे कलली होती. ती दाढ उपटताना तो घामानं निथळला. राणीसरकारांनी डोळे उघडले तेव्हा दोघं काचेबाहेर उभी होती.

जखम भरल्यावर दादा मुद्दाम बघायला आला. राणीसरकारांनी पाला उजवीकडे घेतला, थोडा चघळला, मग बोटानं काढून डावीकडे सरकवला.

"उजवी बाजू कायमची गेली ना?"

"हो. एनॅमल परत येत नाही."

दादाला काचेसमोर उभं राहवेना. "मशीन सुरू झालं तेव्हाच का नाही ओरडलीस?"

"समोर दादा होता ना," ती म्हणाली.