उजव्या हाताचे देऊळ

मामंजी लॉरीचा आरसा पुसू लागले की त्यातून निसटलेला कवडसा आमच्या धारच्या अंगणभर धावत सुटे; तुळशीवरून तो वाळत घातलेल्या सांडग्यांवर जाई आणि शेवटी, चुकून मुळीच नव्हे, सासूबाईंच्या डोळ्यांवर येऊन थांबे. त्या पदर आडवा धरून "पुरे आता" म्हणत, आणि मामंजी मान खाली घालून अधिकच मन लावून पुसत. मी नवी सून. मला हसू आवरत नसे.

पंचवीस वर्षे त्यांनी दरबारच्या मोटारी हाकल्या. संस्थान विलीन झाले तेव्हा गाडीखान्यातली एक म्हातारी लॉरी त्यांच्या पदरी आली, आणि तिच्यात त्यांनी संसारच थाटला: फळ्यांची दोन बाजली, देवांचा कोनाडा, स्टोव्ह, आणि माठ कलंडू नये म्हणून लाकडी बैठक. ह्यांना कुक्षीच्या शाळेत नोकरी लागली नि ते आधीच पुढे गेले, तेव्हा मला नि माझ्या भांड्याकुंड्यांना पोहोचवायला हे चालते घर निघाले. दिवस फाल्गुनाचे होते. पहाटेचा गारवा उन्हातही रेंगाळत होता, पानेच टाकून दिलेले पळस केशरी झाले होते, आणि घाई कुणालाच नव्हती, कारण वाटेत 'ते तळे' लागणार होते.

दरबारची मंडळी त्या तळ्यावर वनभोजनाला जात, आणि मामंजी घरी येऊन त्याचे वर्णन करीत. उजव्या हाताला पांढरे देऊळ, डाव्या हाताला पळसांची रांग, मधोमध चक्रवाकांची जोडी. सासूबाईंना ते इतके पाठ होते की डोळे मिटून त्यांनी तळ्याला प्रदक्षिणा घातली असती. एकदा दोघांनी तिथे शेजारी शेजारी बसावे, एवढेच त्यांचे मागणे होते. पंचवीस वर्षांत त्याला सवड मिळाली नव्हती.

ऊन कोवळे असतानाच आम्ही पोहोचलो. मामंजींनी सराईतपणे लॉरीचे तोंड रस्त्याकडे करून ती उभी केली. सासूबाई उतरून पाळेवर, तळ्याच्या बांधावर, गेल्या आणि गोंधळल्या. देऊळ डावीकडे होते, पळस उजवीकडे.

"अहो, हे ते तळे नव्हेच!"

"तेच आहे. देखा ना, उजवीकडे..." जागचे न हलता मामंजींनी आरशाकडे बोट केले, आणि ते मध्येच थांबले.

माझ्याआधी सासूबाईंना उमगले. जनान्यातल्या बायका पाण्याशी असताना मोटारवाल्याने पाठ करून बसायचे, असा रिवाज होता. इतके फाल्गुन मामंजींनी हे तळे वीतभर आरशात पाहिले होते, आणि आम्हाला दिले होते तेही तेवढेच. मला भडभडून आले. सासूबाई मात्र रडल्या नाहीत.

"गाडी घुमवा," त्या म्हणाल्या.

"इथूनही दिसतंय की. आदत आहे मला."

"मला तुमच्या शेजारी बसून बघायचंय. घुमवा!"

मग ती लॉरी अरुंद पाळेवर मागे-पुढे, मागे-पुढे गुरगुरत राहिली. शेळ्या घेऊन चाललेला एक जण ओरडला, "भिया, गाड़ी फँसी गी कंई?"

"नी भिया," मामंजी घाम पुसत म्हणाले, "सीदी करी रियो हूँ!"

मी गोवऱ्यांवर बाफले, कणकेचे उकडलेले गोळे, भाजत होते आणि ती दोघे एका सतरंजीवर पाण्याकडे तोंड करून बसली होती. आयुष्यभर सगळ्यांच्या मागून, मोटारीला टेकून, उभ्याने जेवलेला तो माणूस तूप बोटांवरून ओघळले तरी पाण्यावरची नजर हलवीना. चक्रवाक दोन नव्हते, वीस तरी होते. आरशात दोनच मावत. मामंजी ते पुन्हा पुन्हा मोजत आणि दर वेळी आकडा चुकला की मोठ्याने हसत. मी त्यांना असे हसताना कधीच पाहिले नव्हते. एका मुक्कामाचे चार झाले. तिकडे कुक्षीत ह्यांनी चार दिवस खानावळीचे अन्न खाल्ले, ते मला अजून ऐकवतात.

आता लॉरी नाही, ती दोघेही नाहीत. गेलेली माणसे आपल्या पाठीमागे लहान लहान होत जातात, हे खरे. आरसा मात्र मी कुक्षीच्या घरी खिडकीत टांगला आहे. फाल्गुनात तो पुसायला घेतला की कवडसा भिंतीभर धावतो, थांबायला डोळे शोधतो, आणि मी हातातले फडके तसेच ठेवून त्याच्या वाटेत जाऊन बसते.