धोक्याचा लिवा

देवळाली प्रवऱ्याच्या पुढं, माळाकडची जमीन रतनबाईला बापाकडून मिळाली होती. त्या जमिनीतल्या ओढ्यावर बापानंच मातीचा बांध घातला होता. दोन्ही तिच्याच नावावर. कारभार मात्र तिचा नवरा रंगनाथ बघायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तळं तळाला गेलं होतं. तेव्हा खासगी बांधांची पाहणी करत सुमंत नावाचे इंजिनिअर आले. बांध फुटला तर खाली कुणाचं किती नुकसान होईल, त्यावर त्याचा वर्ग ठरायचा. सुमंतांनी बांधावरून खाली नजर टाकली.

"खाली पडीकच दिसतंय. कमी धोक्याचा लिहितो."

रंगनाथचा चेहरा खुलला.

"आन् त्या झोपड्या?" रतनबाईनं विचारलं.

ओढ्याच्या वळणावर, बाभळींच्या आड छबूबाई आणि तिच्या माणसांची वस्ती होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली ही मंडळी तिथंच राहिली होती.

"आज हायेत, उद्या न्हाईत," रंगनाथ घाईनं म्हणाला. "त्या कशाला धरायच्या?"

"पोरंबाळं निजत्यात तिथं. न्हाईत कशी?"

सुमंत खाली जाऊन झोपड्या बघून आले. "बाई, वस्ती धरली तर बांध धोक्याच्या वर्गात जाईल. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, खाली घ्यावा लागेल; तळ्यात पाणी कमी राहील. उसाला पुरणार नाही."

"बांध माज्या नावावर हाय, सायेब. धोक्याचा लिवा."

सुमंतांनी तसं लिहिलं. रंगनाथनं त्या दिवशी घरात अन्नाला हात लावला नाही. गावात हसं झालं. स्वतःच्याच बांधाला नावं ठेवणारी बाई कुणी पाहिली नव्हती. रतनबाई कुदळ घेऊन सांडव्यावर गेली. दुसऱ्या दिवशी छबूबाई आपली माणसं घेऊन आली आणि सगळ्यांनी मिळून सांडवा उतरवला.

त्या पावसाळ्यात आभाळानं हात आखडला नाही. तळं नव्या सांडव्याला लागलं आणि पाणी खळाळत बाहेर पडू लागलं. दुष्काळ पाहिलेल्या रंगनाथला ते बघवेना. मातीनं भरलेली पोती गाडीत घालून तो सांडवा बुजवायला आला.

रतनबाई आधीच तिथं होती. लुगड्याचा काचा मारून ती वाहत्या पाण्यात उतरली आणि मधोमध उभी राहिली.

"सर बाजूला!" रंगनाथ ओरडला. "सोन्यासारखं पानी चाललंय!"

"चालू द्या."

"माती टाकणार हाय मी."

"टाका की. माज्यावर टाका."

खाली वस्तीतली माणसं झोपड्यांबाहेर येऊन उभी होती. रंगनाथनं एक पोतं उचललं, छातीशी धरलं. पाणी तिच्या गुडघ्यांना धडका देत होतं, पण ती हलली नाही. शेवटी त्यानं पोतं गाडीत टाकलं आणि बैल माघारी वळवले.

बांध टिकला. सांडवा बुजवला असता तर तो फुटला असता की नाही, ते कुणालाच सांगता आलं नाही. "उगंच पानी घालवलं," असं लोक बरेच दिवस बोलत राहिले. त्या वर्षी ऊस लावता आला नाही. रतनबाईनं ज्वारी पेरली.

पेरणीला छबूबाई आली होती. "बाई, आमच्यापायी तुमचा ऊस गेला," ती हळूच म्हणाली.

"गेला तर गेला," रतनबाई म्हणाली. "पुढल्या साली बी सांडवा असाच ऱ्हाईल. कुनाला काय म्हनायचं ते म्हनू दे."

आणि तिनं पाभर पुढं हाकायला सांगितली.