झाडाचं एक वाक्य

समजा, तुमच्या शाळेत एकच वही आहे. ती एका खोलीत ठेवलीय आणि प्रत्येक वर्गातून तिच्याकडे एक खिडकी उघडते. खिडकीतून हात घातला की वही आपल्याच बाकावर असल्यासारखं लिहिता येतं. अट एकच: एका वेळी एकाचाच हात. बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. आलं डोळ्यांसमोर?

जळकोटच्या एका शाळेत ही वही म्हणजे ऑफिसातला एक काळा डबा होता. लॅबमधल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर तो ‘शाळा’ नावाच्या ड्राइव्हसारखा दिसायचा. त्यात स्नेहसंमेलनाच्या नाटकाची फाइल होती. नाटक सातवीतल्या साक्षीने लिहिलेलं. तिच्या वर्गातला धम्मदीप त्यात झाड होता आणि झाडाला एकही वाक्य नव्हतं.

“माझी आजी धर्माबादहून दोन बस बदलून येणार हाय,” धम्मदीप म्हणाला. “येऊन काय बघंल? पानं?”

साक्षीला पटलं. पण तीन वाजता प्रती छापायच्या होत्या, आणि छापलं ते स्टेजवर बोलायचंच, छापलं नाही ते बोलायचं नाही, असा शाळेचा नियम. अडीच वाजता तिने लॅबमध्ये फाइल उघडली. पडद्यावर सूचना आली: ‘ही फाइल श्रीमंत सरांनी उघडली आहे. तुम्हाला फक्त वाचता येईल.’

“कॉपी करून तिच्यात लिहू की,” धम्मदीप म्हणाला.

“न्हाई रे बाबा! गेल्या वर्षी पाच कॉप्या झाल्या. एकीत राजा मेला, दुसरीत त्याचं लग्न लागलं. मेलेल्या राजाला नवरीनं हार घातला, आठवतंय ना? तू इथंच बस. फाइल मोकळी झाली की तुझं वाक्य लिही आन् लगेच बंद कर.”

मुख्याध्यापक श्रीमंत सर ऑफिसात शेंगा खात होते. समोर फाइल उघडी.

“सर, फाइल बंद करता का?”

“सकाळपासून उघडी हाय, संध्याकाळपर्यंत उघडीच ऱ्हाईल.”

“वाचायलात का?”

“वाचायला काय हाय तिच्यात? मागं एकदा बंद केली, तर दोन दिवस सापडली न्हाई. शिपाई मलप्पाला कपाटाखाली वाकून बघायला लावलं मी!”

“मी सापडायची युक्ती शिकवते. पण आधी बंद करा.”

जत्रेत पोराचा हात सोडावा तशी सरांनी फाइल बंद केली. साक्षीने फाइलचं छोटं चित्र थेट पडद्यावर आणून ठेवलं. सरांनी त्यावर टिचकी मारली. ‘ही फाइल धम्मदीपने उघडली आहे. तुम्हाला फक्त वाचता येईल.’

“हा कोण धम्मदीप?”

“झाड, सर.”

“झाडाची एवढी हिंमत?”

चार शेंगा सोलून सरांनी पुन्हा टिचकी मारली. आता फाइल नीट उघडली. तिसऱ्या पानावर नवं वाक्य होतं:

‘झाड: लई वेळ उभा हाय, कुणी पाणी घालता का न्हाई?’

सर खळखळून हसले. मग त्यांना आपण मुख्याध्यापक असल्याचं आठवलं. “हे खोडावं लागंल,” म्हणत त्यांनी हात कीबोर्डकडे नेला. घड्याळात तीनला दोन मिनिटं कमी होती.

साक्षीने त्यांच्या हाताखालून बोट घातलं आणि छापायचं बटण दाबलं.